कोंडा, पिप आणि संघर्ष ओव्हाळ

"हो सर, संघर्ष बराच जुना आहे. त्याला आधी मुळासकट काढावं लागेल. तो इथं आहे तोवर काहीच धड चालायचं नाही."

मी फोनवर हे बोलत होते, आणि समोर माझा गेटपास लिहिणारा माणूस लिहिता लिहिता थांबला.

"मॅडम," तो म्हणाला, "अजून तुम्ही आत पाऊलही टाकलं नाही… आणि लगेच मला काढायला निघालात?"

मी फोन कानावरून खाली घेतला. निळा शर्ट. खिशावर पांढऱ्या दोऱ्यानं भरलेलं नाव — संघर्ष ओव्हाळ, मेंटेनन्स.

जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण वाचतो ना… तसं अगदी झालं मला.

दोष आमच्या अर्जुनरावांचा. भोसरीत आमचं छोटंसं ऑफिस आहे. कारखान्यांच्या कॉम्प्युटरवर मुक्त सॉफ्टवेअर बसवून देणं, बिघडलं तर नीट करून देणं हे आमचं काम. अर्जुनराव तिथले साहेब. ऑफिसात मराठीच बोलायचं हा त्यांचा हट्ट. फाइलला धारिका म्हणायचं आणि दोन प्रोग्रॅमची एकमेकांशी भांडणं लागली की त्याला 'संघर्ष'. दोन वर्षांत माझ्याही जिभेला तेच वळण पडलं होतं.

"तुम्हाला नाही हो!" मी म्हणाले. "सॉफ्टवेअरमधला संघर्ष… क्वालिटी लॅबच्या कॉम्प्युटरमधला."

"मग बरोबरच आहे. तोही मीच केलाय. तो कॉम्प्युटर मीच लावला." त्यानं गेटपास माझ्यापुढे सरकवला. "चला, मी तुम्हालाच न्यायला आलोय. वॉचमन चहाला गेला म्हणून लिहीत होतो. स्वरूपा बिराजदार… बरोबर लिहिलंय ना?"

अक्षर सुंदर होतं. हे मी बोलले नाही.

महाळुंग्यातला गिअर बनवणारा कारखाना. जानेवारीतली सकाळ, शेडच्या पत्र्यावर दव आणि आत शिरल्याबरोबर कूलंटचा तो आंबूस, तेलकट वास. तो पुढे, मी मागे. चालता चालता तो मधेच मान डावीकडे कलती करायचा, कुणीतरी हाक मारल्यासारखी. आजूबाजूला तर नुसती घरघर. कुणाला ऐकतो हा?

लॅबमध्ये प्रभावती मॅडम वाटच पाहत होत्या. त्या क्वालिटीच्या प्रमुख. त्यांनी बसासुद्धा म्हटलं नाही.

"शनिवारी कस्टमरची माणसं येणार आहेत. या कॉम्प्युटरवर काय काय आहे, कुठून आलं, कोणी बनवलं, सगळ्याची एक यादी हवी. कॅमेरा आठ दिवस बंद आहे, तो चालू हवा. आणि यादीत बसत नाही ते उडवा."

'उडवा' म्हणताना त्यांनी संघर्षकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहू लागला.

कॉम्प्युटरवर दोन प्रोग्रॅम होते. एक कॅमेऱ्याचा, गिअरवरचे ओरखडे शोधणारा. दुसऱ्याचं नाव होतं 'कान'. दोघांनाही चालायला पन्नासेक सुटे भाग लागत. ते इंटरनेटवरून आणून जागच्या जागी बसवण्याचं काम पॅकेज मॅनेजर करतो. इथं एक सोडून दोन मॅनेजर होते, एक कोंडा आणि एक पिप. दोन्ही मुक्त, दोन्ही आपापल्या जागी गुणी.

"म्हणजे एका स्टोअरला दोन स्टोअरकीपर," संघर्ष म्हणाला. "मी आधी कोंडा आणला. मग कॅमेऱ्यावाला आला, त्यानं सगळं पिपनं टाकलं. एकानं ठेवलेला भाग दुसऱ्यानं काढून नवा ठेवला… आणि पहिल्याच्या वहीत अजून जुनाच."

"अगदी बरोबर!" मी चकित झाले. इंजिनिअरांना समजावताना माझा तास जातो. "म्हणून आता एकच ठेवायचा, पिप. आमचे अर्जुनराव म्हणतात, कोंड्याला दोष देऊ नये, डोकं धुवावं."

"माझं डोकं स्वच्छ आहे हां, मॅडम."

मी उगीचच पाहिलं. केस दाट होते.

अडचण एकच होती. कॅमेऱ्याला आकडेमोडीचा एक भाग नवा हवा होता आणि कानाला तोच भाग जुना. आठ दिवसांपूर्वीच्या मारामारीचं कारण हेच.

"हा कान ऐकतो तरी काय?" मी विचारलं.

"या. दाखवतो."

ग्राइंडिंगच्या चार नंबर मशीनजवळ त्यानं खिशातून लांब स्क्रूड्रायव्हर काढला. टोक मशीनच्या अंगावर टेकवलं आणि मूठ माझ्या कानाशी धरली. "डोळे मिटा. आधी नुसता गोंगाट येईल. त्याच्या खालचं ऐका."

मी डोळे मिटले. घूं… घूं… आणि मग खरंच, त्या घुंकाराच्या तळाशी एक बारीक आवाज. खर्र… खर्र… दळताना जात्यात खडा यावा तसा.

"ऐकू आलं?"

डोळे उघडले तर त्याचा चेहरा वीतभर अंतरावर. भुवईवर तेलाचा एक ठिपका. ऐकू येत होतं, पण आता ते मशीनमधलं की माझ्याच छातीतलं… सांगता आलं नसतं.

"बेअरिंग आहे आतलं," तो घाईनं मागे सरकत म्हणाला. "पंधरा दिवसांत जाईल. बाबांनी शिकवलं मला हे. तीस वर्षं प्रेसशॉपला, पत्रे ठोकणाऱ्या यंत्रांवर होते ते. आता त्यांनाच ऐकू येत नाही… म्हणून वाटलं, कॉम्प्युटरला शिकवून ठेवावं."

तीन वर्षं जेवणाच्या सुट्टीत माइक घेऊन तो मशीनमशीनपाशी बसला होता. निरोगी मशीनचे आवाज, आजारी मशीनचे आवाज, चारशे बारा रेकॉर्डिंग्ज. डिप्लोमा झालेला मेंटेनन्सचा मुलगा; प्रोग्रॅम लिहायला मोबाइलवर पाहून शिकला. मंजुरीसाठी अर्ज दिला होता. तो कुणी वाचला नाही.

"उडवणार नाही मी तुमचा कान," मी म्हणाले. "शब्द देते."

तो हसला. आधी डोळे हसतात त्याचे, मग उशिरानं ओठ.

*

आणि बुधवारी सकाळी मीच तो शब्द मोडला.

सगळं रीतसर चाललं होतं. कोंड्यानं बसवलेल्या भागांची यादी मी काढून घेतली. पिपनं बसवलेल्यांची वेगळी काढली. संघर्षनं लिहिलेला प्रोग्रॅम दुसरीकडे उतरवून घेतला. मग कोंड्याला सांगितलं, भाग ठेवलेली तुझी ही खोली काढून टाक. अर्ध्या क्षणात खोली गेली.

नव्या जागी कान सुरू केला. पडद्यावर ओळ आली: धारिका सापडत नाहीत.

चारशे बारा रेकॉर्डिंग्ज. त्यानं ती त्याच खोलीत ठेवली होती, खोल आत, एका कप्प्यात. दुसरी प्रत कुठंच नव्हती. मी दोन तास शोधलं.

खोटं बोलणं सोपं होतं. डिस्क खराब झाली म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? ते मनात आलंही. लपवत नाही. पण कालची ती स्क्रूड्रायव्हरची मूठ आठवली, आणि मी सरळ मशीनशॉपमध्ये गेले.

तो मशीनखाली आडवा होता.

"संघर्ष… जरा बाहेर येता?"

तो आला. पाना हातातच होता.

"माझ्याकडून तुमची रेकॉर्डिंग्ज गेली. सगळी. मी आत काय आहे ते न बघताच काढलं. चूक माझी आहे."

त्यानं पाना खाली ठेवला. चिंधीनं हात पुसले. स्वच्छ झाले तरी पुसतच राहिला.

"चारशे बारा होती," एवढंच म्हणाला, आणि निघून गेला.

कॅन्टीनमध्ये माझ्यापुढच्या आमटीवर साय धरली. तेवढ्यात समोर एक ताट येऊन आदळलं. तो बसला.

"डिस्क गेली म्हणाला असतात, तर मी मानलं असतं."

"माहितीये."

"मग?"

"तुम्हाला फसवावंसं… वाटलं नाही." आवाज भरून आला माझा, लाज वाटली. "लई वाईट वाटतंय मला."

आम्ही मूळचे निलंग्याचे. पुनावळ्यात राहून माझी भाषा शहरी झाली आहे; पण रडू आलं की लातूर बाहेर येतं.

त्यानं पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला. "जेवा आधी. सामान तिथं ठेवलं ही माझीही चूकच. स्टोअरकीपरच्या कपाटात आपला डबा ठेवला तर तो जाणारच की."

"आता काय करायचं?"

"चांगली मशीन्स रोज बोलतात. त्यांचं परत घेता येईल. बिघडलेल्यांचं अवघड. ती बेअरिंगं तर कधीच बदलली…" त्याची मान डावीकडे कलली. तो तसाच थांबला. मग एकदम उठला. "स्वरूपा मॅडम, उद्या गुरुवार! कारखान्याला सुट्टी. पिंपरीला आमच्या घरी येता?"

मेंटेनन्सच्या लोखंडी कपाटात, अगदी खालच्या कप्प्यात, एक पोतं होतं. तीन वर्षांत मशीनमधून काढलेलं प्रत्येक बेअरिंग त्यात होतं, प्रत्येकाला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली. मशीन नंबर, तारीख, काय बिघडलं. अडतीस बेअरिंगं. टाकवत नाहीत, म्हणाला.

बाहेर न्यायला प्रभावती मॅडमची सही लागणार होती. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "भंगार घेऊन करणार काय?"

"त्यांचं शेवटचं गाणं ऐकणार, मॅडम," तो म्हणाला.

सही झाली. मला वाटतं, त्या हसल्याही… नक्की सांगता येत नाही.

*

खराळवाडीतलं दोन खोल्यांचं घर आणि मागे पत्र्याची शेड. शेडमध्ये त्याचे बाबा, जयसिंग ओव्हाळ, पंख्यांच्या आणि पंपांच्या मोटारी भरून देतात. मी आत गेले तेव्हा ते तांब्याची तार गुंडाळत होते. मला पाहिलं, संघर्षला जवळ ओढलं आणि त्याच्या कानात कुजबुजले.

म्हणजे त्यांना वाटलं कुजबुजलो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांची कुजबुज गल्लीच्या टोकापर्यंत जाते.

"हीच का ती? मंगळवारपासून सांगतोयस ती?"

संघर्षचे कान लालभडक झाले. आई, चिमाबाई, पदर तोंडाला लावून आत पळाल्या. मी अतिशय लक्षपूर्वक एक पंखा पाहू लागले.

"कामाचं सांगत होतो मी," तो पुटपुटला.

"हो का?" मी पंख्याकडेच पाहत म्हणाले. "काय काय काम सांगितलंत?"

"केस मोकळे ठेवते ते…" बोलून गेला, आणि जीभ चावली.

मग दिवसभर आम्ही काम केलं. मोटारीच्या दांड्यावर एकेक बेअरिंग चढवायचं, मोटार फिरवायची, माइक लावायचा. संघर्ष बेअरिंग बसवायचा, मी लॅपटॉपवर आवाज टिपायचे. हेडफोनचं एक बोंड त्याच्या कानात, एक माझ्या. तार आखूड होती, त्याला कोण काय करणार?

बाबांना काही ऐकू येत नव्हतं. ते दोन बोटं मोटारीच्या अंगावर ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "बाहेरची रिंग." मी चिठ्ठी पाहायचे. बाहेरची रिंगच! "गोळी फुटलीय." गोळीच. अडतीसपैकी एकदाच चिठ्ठी आणि बाबा यांच्यात फरक पडला. तेव्हा संघर्षनं मुकाट्यानं चिठ्ठी बदलली.

दुपारी चिमाबाईंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. "वांगं चालतं ना गं तुला? पोरानं काल सांगितलं, तुमच्यात वशट-मटण नसतं, म्हणून मी आज केलंच नाही."

हे मी त्याला कधी सांगितलं होतं? कॅन्टीनमध्ये माझ्या ताटात त्यानं पाहिलं असणार. भरितात ठेचलेली मिरची होती, म्हणून डोळ्यांत पाणी आलं… असं मी चिमाबाईंना सांगितलं.

संध्याकाळी शेवटचं बेअरिंग उतरवताना मी म्हणाले, "संघर्ष, तो पाना दे जरा."

'दे' म्हणाले. 'द्या' नाही. दोघांनाही कळलं. त्यानं पाना दिला आणि जरा वेळानं, अगदी हळू, "घे," म्हणाला.

*

शुक्रवारी सकाळी मी कॉम्प्युटर नव्यानं मांडला. स्टोअरकीपर एकच, पिप. पण प्रोग्रॅमना खोल्या दोन. कॅमेऱ्याच्या खोलीत तो आकडेमोडीचा नवा भाग, कानाच्या खोलीत जुना, मधे भिंत. कोण कोणाचं काही उचलणार नाही. आवाजांना तिसरीच जागा, आणि त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर. उरलेला दिवस आम्ही माइक घेऊन शॉपभर फिरलो आणि धडधाकट मशीनचे आवाज गोळा केले.

चार वाजता कॅमेरा सुरू केला. ओरखडा असलेला गिअर बरोबर बाजूला पडला. मग कान सुरू केला. पडद्यावर हिरव्या ओळी येत गेल्या, मशीन एक ठीक, दोन ठीक, तीन ठीक… आणि चारपाशी लाल.

"दोघं एकत्र चालतायत!" मी ओरडले, आणि आनंदाच्या भरात त्याचा हात धरला. सोडायला जरा उशीर झाला. त्यालाही घाई नव्हती.

शनिवारी कस्टमरची माणसं आली. त्यातल्या एका उंच, पांढऱ्या केसांच्या गृहस्थांचं बोट यादीवरून खाली सरकत आलं आणि एका ओळीवर थांबलं. "हे 'कान' काय आहे? बनवणारा — संघर्ष ओव्हाळ, मेंटेनन्स. कोण हे?"

ती ओळ मी लिहिली होती.

प्रभावती मॅडमनी माझ्याकडे पाहिलं, मग यादीकडे. "आमचाच मुलगा आहे," त्या म्हणाल्या. "बोलवा त्याला."

तो आला, हात धुऊन, शर्ट नीट खोचून. गृहस्थांनी इंग्रजीत विचारलं. त्यानं दोन वाक्यं इंग्रजीत सांगितली, अडखळला, आणि मराठीवर आला. मराठीत मात्र असा बोलला की लॅबमधली सगळी कामं थांबली.

"मग आत्ता आजारी कोण आहे?" गृहस्थांनीही मराठीतच विचारलं.

"चार नंबर, सर. आतल्या रिंगला मार आहे."

"खोला."

जेवणाच्या सुट्टीत मशीन खोललं. बेअरिंग पुसून लॅबमध्ये आणलं आणि प्रभावती मॅडमच्या तळहातावर ठेवलं. आतल्या रिंगवर मोहरीएवढा खड्डा पडला होता. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"संघर्ष, तो जुना अर्ज परत आण माझ्याकडे," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या प्लांटलाही बसवायचं आहे हे. आणि या वेळी मी वाचणार आहे."

लॅबच्या गर्दीतून त्यानं फक्त माझ्याकडे पाहिलं. त्याचे डोळे हसले. ओठांना हसायला या वेळी जमलं नाही.

*

काम संपलं म्हणजे मी परत यायचं कारणही संपलं. पाच वाजता तो म्हणाला, "भोसरीपर्यंत सोडतो बाइकवर. बसला आज गर्दी असेल." बसला रोजच गर्दी असते. मी तसं म्हणाले नाही.

तळेगाव चौकाच्या अलीकडे गाड्या थांबल्या त्या थांबल्याच. पुढे ट्रेलर, मागे कंपनीच्या बसेस, शेजारी बाजाराला निघालेला कांद्याचा टेम्पो. गोण्यांवर एक म्हातारी पाय पसरून निवांत बसली होती. मी मागची दांडी घट्ट धरून बसले होते, मधे वीतभर जागा सोडून.

त्यानं इंजिन बंद केलं. मागे वळून न बघताच म्हणाला, "सोमवारपासून तू येणार नाहीस."

"नाही."

"लॅबमध्ये करमणार नाही मला."

"तू लॅबमध्ये कुठं असतोस? तू मशीनखाली असतोस."

"मशीनखालीही करमणार नाही." तो थांबला. "स्वरूपा… मला आवडतेस तू. एकदा हसण्यावारी बोलायचं ठरवलं होतं, जमलं नाही. म्हणून सरळच सांगतो."

थंडीतही कानशिलं तापली माझी.

"पण तुझ्या घरी काय म्हणतील? आमचं आडनाव ऐकल्यावर?" त्यानं विचारलं. हा प्रश्न त्याच्याजवळ मंगळवारपासून असणार.

मी खोटं बोलणार नव्हते. "सोपं नाही जायचं. बाबा तीन दिवस माझ्याशी बोलणार नाहीत. चौथ्या दिवशी विचारतील, मुलगा कसा आहे. मग मी सांगेन."

"काय सांगशील?"

"की ज्याची तीन वर्षांची मेहनत मी घालवली, त्यानं आधी मला जेवायला लावलं."

त्याची मान डावीकडे कलली. मग अगदी हळू, "म्हणजे… हो समजू?"

"हो," मी म्हणाले.

नेमका तेव्हाच ट्रेलरनं हॉर्न दिला. "काय?"

"हो म्हणाले!"

मागच्या दोन्ही बसेस कोकलल्या. त्यानं हेल्मेट वर केलं. "अगं काय? नाही म्हणालीस?"

"आरं लेकरा!" वरून आवाज आला. कांद्याच्या गोण्यांवरची म्हातारी पुढे वाकली होती. "व्हय म्हनतीया ती, व्हय! दोन येळा म्हनली! आमाला हितं कांद्यावर आयकू आलं, अन् तुला न्हाई व्हय?"

टेम्पोचा ड्रायव्हर खो खो हसला. बाजूच्या रिक्षातून कुणीतरी शिट्टी मारली. संघर्ष मागे वळला, आणि त्याचा चेहरा असा काही उजळला होता की मी हसताहसता रडायलाच लागले.

"हाय का न्हाई गोड पोर," म्हातारी म्हणाली. "धर गं बाय, रिकाम्या हातानं जाऊ नगस." आणि तिनं गोणीच्या तोंडातून तीन लालचुटुक कांदे काढून माझ्या ओंजळीत टाकले.

पुढच्या गाड्या हलल्या. मागचे हॉर्न वाजवू लागले. त्यानं गडबडीत बाइक सुरू केली, ती एकदा बंद पडली, परत सुरू केली. कांदे मी एका हातानं पोटाशी धरले… आणि दुसरा हात, दांडी सोडून, त्याच्या खांद्यावर ठेवला.